अक्काची म्हातारी

मे महिन्यात जळगावातल्या कुठल्याही गच्चीवर चढा, गहू पसरलेला दिसेल, डाळी दिसतील, गाद्या-गोधड्या, लाल मिरच्या, धुऊन पालथ्या घातलेल्या लोणच्याच्या बरण्या आणि बिबड्यांनी, म्हणजे ज्वारीच्या पापडांनी, भरलेल्या चादरी दिसतील. अमेरिकेतली दारू उन्हात ठेवलेली मात्र मी एकाच गच्चीवर पाहिली, आणि ती गच्ची माझ्या शेजारची, कमलअक्काची. जुनी सुती चादर अंथरलेली, तिच्यावर ओळीने बाटल्या उभ्या, आणि बाजूला हातात काठी घेऊन माकडं हाकलायला बसलेली अक्का. तोंडाने थेंब कधी चाखला नाही त्या बाईने. पण त्या बाटल्यांवरून ती माकडांशी आणि माणसांशी सारखीच भांडायची.

भांडण हा अक्काचा श्वास होता, हे आधीच सांगून टाकतो. दूधवाल्याशी भांडायची, नळाला पाणी सोडणाऱ्याशी भांडायची, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईशीसुद्धा भांडायची. माझ्याशी तर रोजच. माझं औषधाचं दुकान होतं, म्हणून जगातल्या सगळ्या औषधांच्या भावाला मीच जबाबदार. गुडघ्याची गोळी महागली की आमच्या कंपाउंडच्या भिंतीवरून आवाज यायचा, "भाऊ, लाज वाटस का नही तुले?" आणि दहा मिनिटांनी त्याच भिंतीवरून शेवभाजीची वाटी यायची. वाटी रिकामी परत केली तर पुन्हा भांडण.

तिचे यजमान नाना म्हणजे अगदी उलटे. मोजकं बोलणारे, सावकाश हसणारे. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांचे ते इंजिनियर होते. धरणगाव, धुळे, शिरपूर, जिथे जिनिंग तिथे नाना. तरुणपणी कंपनीने त्यांना ही यंत्रं शिकायला अमेरिकेच्या दक्षिण भागात पाठवलं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या फोरमनने यंत्राबरोबर त्यांना बर्बनही शिकवली. बर्बन म्हणजे मक्याची व्हिस्की. आतून जाळून काळ्या केलेल्या ओकच्या पिंपात ती वर्षानुवर्षं मुरवतात. नानांना ती आवडली ती आवडलीच. पुढे ओळखीचं कोणी अमेरिकेला निघालं की लोक चॉकलेटं मागायचे, नाना एक बाटली मागायचे. असं करत करत हॉलमधलं शिसवी कपाट भरलं.

सगळं रीतसर. दारू बाळगायचा सरकारी परवाना नानांनी फ्रेम करून भिंतीवर लावला होता, डिग्रीच्या सर्टिफिकेटाशेजारी. शनिवारी संध्याकाळी ते आणि मी गच्चीवर बसायचो. ते ग्लासात दोन बोटं ओतायचे आणि ती दोन बोटं रात्रीच्या जेवणापर्यंत पुरवायचे. अक्का भाजलेले दाणे आणून ठेवायची आणि शेजारीच वाती वळत बसायची. तिचा नियम एकच होता, ग्लास त्यांनी स्वतः विसळायचा. बाटल्यांची इंग्रजी नावं तिला जमेनात, म्हणून तिने आपली नावं ठेवली होती. लाल मेणवाली, बुटकी, जाड बुडाची. आणि सगळ्यात वरच्या फळीवर, काचेच्या दाराआड एकटी उभी, ती म्हातारी.

म्हातारी पिंपात वीस वर्षं मुरलेली होती. एवढ्या वर्षांत पिंपातली अर्ध्याहून जास्त हवेत उडून जाते, म्हणून ती फार थोडी निघते, आणि तिकडचे शौकीनसुद्धा तिच्यासाठी नावं नोंदवून चिठ्ठ्या टाकतात, असं नाना सांगायचे. नानांना ती त्या फोरमनने दिली होती. तो थकल्यावर नाना पुन्हा एकदा कंपनीच्या कामाने तिकडे गेले, तेव्हा त्याने घरातल्या दोन बाटल्यांतली एक यांच्या हातात ठेवली आणि सांगितलं, एखाद्या चांगल्या दिवशी उघड. नाना तो चांगला दिवस शोधत राहिले. बढती झाली, घर बांधून झालं, नोकरीतून सन्मानाने मोकळे झाले. प्रत्येक वेळी मी वर बोट दाखवायचो आणि नाना म्हणायचे, उघडू, घाई काय आहे. अक्काने एकदा विचारलं की वीस वर्षं ही बया पिंपात बसून करत काय होती. नाना म्हणाले, गोड होत होती. त्यावर अक्का म्हणाली की मग मीही तुमच्या घरात तेवढीच वर्षं काढली आहेत, माझं काही झालेलं दिसत नाही. नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आता या घरातलं दुःख सांगतो. अक्काचं माहेर धरणगावजवळच्या खेड्यातलं, कापूस आणि मक्याची शेती. तिला दोन भाऊ, थोरले आबा आणि धाकटा सुरेश. सुरेश हातभट्टीच्या दारूपायी ऐन तारुण्यात गेला. त्यानंतर आबांनी दारूशी वैर धरलं. गावातल्या बायकांना एकत्र करून त्यांनी दारूचं दुकान बंद पाडलं, लग्नात कोणी प्यायलेला दिसला तर ताटावरून उठले. आणि बहिणीच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात दारू मांडून ठेवलेली, हे काही त्यांना सोसलं नाही. त्यांनी नानांना एक वाईट शब्द कधी ऐकवला नाही. जळगावला आले की फाटकाबाहेर उभ्याउभ्या मेव्हण्याची चौकशी करायचे, मक्याची कणसं द्यायचे आणि परत जायचे. उंबरा ओलांडला नाही. आणि त्याच हट्टात बहिणीला माहेरी न्यायलाही ते कधी आले नाहीत.

बाहेरच्यांना यात काय मोठं, असं वाटेल. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकीबाळी माहेरी जातात. दिवाळी चुकली तर चालेल, आखाजी चुकता कामा नये. लेकीला न्यायला माहेराहून माणूस येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आल्याशिवाय मानाने जाता येत नाही. आमच्या गल्लीतल्या बायका एकेक करून जायच्या, गल्ली ओस पडायची, आणि अक्का ओट्यावर बसून सगळ्यांना सांगायची की मला कुठे वेळ आहे, माझी बठ्ठी, सगळीच्या सगळी वाळवणं पडली आहेत. भाऊबीजेला ती गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बायका तसं करतात. हिचा भाऊ धडधाकट, तासाभराच्या अंतरावर. मी ते दोनतीनदा पाहिलं, मग भाऊबीजेच्या संध्याकाळी आमच्या गच्चीवर जाणंच सोडून दिलं. बघवत नव्हतं.

नाना मात्र म्हणायचे, आबांचं बरोबर आहे. एकदा तर त्यांनी सगळं कपाट रिकामं करायची तयारी दाखवली होती. अक्काच उसळली. म्हणाली, त्यांनी भाऊ म्हणून यावं, झडती घ्यायला आलेल्या शिपायासारखं नको. तुम्ही काही चोरी केलेली नाही. त्या विषयावर त्या घरात पुन्हा बोलणं झालं नाही.

नाना हृदयविकाराने गेले. दवाखान्यात दोन दिवस शुद्धीवर होते. अक्काला त्यांनी एवढंच सांगितलं की कपाट जप, म्हातारी विकू नको, आणि चांगला दिवस आला की उघड. मूलबाळ नव्हतं, तेव्हा सांगायला दुसरं कोणी नव्हतंच. बाराव्याला आबा आले, फाटकाबाहेरच्या मांडवात पोरासारखे रडले, आणि जाताना निरोप ठेवून गेले की आता मेव्हणेही राहिले नाहीत, कपाट काढून टाक, मी आखाजीला न्यायला येतो. अक्काने निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि उत्तर दिलं नाही. एका बाजूला गेलेल्या नवऱ्याचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला जिवंत भाऊ. मी तिच्या जागी असतो तर बाटल्या विकून मोकळा झालो असतो, हे मी तिला बोलूनही दाखवलं. त्या आठवड्यात शेवभाजी आली नाही.

मग तिने कपाट जपायला घेतलं. अक्काचं जपणं म्हणजे काय विचारता. नाना गेल्यानंतरच्या पावसाळ्यात हॉलच्या भिंतीला ओल आली आणि म्हातारीच्या लेबलावर पांढरी बुरशी धरली. अक्का धावत दुकानात आली, मला विचारलं की दारूला मुदत असते का रे, औषधासारखी. मी म्हटलं, नसते. तिने बुरशी मऊ फडक्याने पुसली, आणि पुढच्या मे महिन्यापासून, घरातल्या गव्हाला, डाळीला, गोधड्यांना जसं ऊन दाखवतात तसं बाटल्यांनाही दाखवायला सुरुवात केली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे टिकवायच्या वस्तूला ऊन दाखवतातच. बाटल्या जड म्हणून मी स्वतः जिन्यावरून वर नेऊन दिल्या. जळगावचं मे महिन्याचं ऊन, पत्र्यावर पापड भाजेल असं, आणि त्यात ती वीस वर्षांची म्हातारी दिवसभर उभी. संध्याकाळी अक्का पदराने बाटली पुसायची आणि नानांच्या फोटोला सांगायची, बरी शे तुमनी म्हातारी.

असे चारपाच उन्हाळे गेले. मग एका मार्चमध्ये नाशिकहून एक गृहस्थ आले. दातांचे डॉक्टर, चाळिशीचे, अतिशय सभ्य. जुन्या व्हिस्क्यांचा संग्रह करायचे, आणि नानांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून त्यांना म्हातारीबद्दल कळलं होतं. फक्त बघायला येऊ का, असं फोनवर विचारून आले होते. अक्काने त्यांना दारातच सांगितलं की विकायची नाही, बघा आणि जा, पण जेवून जा. वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊन त्यांनी हात धुतले, रुमालाने कोरडे केले आणि म्हातारी उजेडात धरली.

लेबल फिकट पिवळं पडलं होतं, अक्षरं जेमतेम वाचता येत होती. बाटलीच्या मानेपर्यंत असलेली दारू खांद्याच्या खाली उतरली होती. आम्ही रोज बघणारे, आमच्या ते लक्षातच आलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं की ठेवता कुठे. अक्काने मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं, चादर, ऊन, माकडं, पदर. डॉक्टरांनी बाटली हळूच टेबलावर ठेवली आणि चष्मा पुसायला लागले. अक्का काही भोळी नव्हती.

"खरं सांगा डॉक्टर," ती म्हणाली, "बिघडी गई का ती?"

त्या माणसाचं मला कौतुक वाटतं. त्याने थाप मारली नाही. उन्हाने रंग आणि चव उतरते, उष्णतेने बूच सुकतं आणि आतली दारू उडून जाते, हे त्याने खालच्या आवाजात सांगितलं. प्यायला चालेल, पण संग्राहकांच्या लेखी ती आता संपली. अक्काने मान हलवली, त्यांच्याबरोबर बिबड्या बांधून दिल्या, फाटकापर्यंत सोडायला गेली. परत आली आणि कपाटासमोर जमिनीवरच बसली.

"त्यासनी जपाले सांगं व्हतं," ती म्हणाली, "आन् मी जपी जपी मारी टाकी."

त्यानंतर पंधरवडाभर ती कोणाशी भांडली नाही. दूधवाला मला विचारून गेला की अक्काला बरं नाही का. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो आणि उठून यायचो. एके दिवशी मी बसलेलो असताना तिने मोबाइल काढला आणि आबांना लावला. ऐकू कमी यायचं म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर असायचा, म्हणून मला ऐकावं लागलं. नाना गेल्यापासून तिने स्वतःहून भावाला फोन केला नव्हता. तिने फक्त म्हटलं, आबा, माझ्या हातून चूक झाली. आणि रडायला लागली. पलीकडून आबा विचारत राहिले, काय झालं, काय झालं. हिला बोलताच येईना. शेवटी मीच फोन घेतला आणि म्हातारीची सगळी हकिगत सांगितली. सांगताना मनात म्हटलं, झालं, आता म्हणतील बरंच झालं, ब्याद गेली. आबा फक्त बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

आखाजीच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे नानांच्या घागरीची मांडामांड करायला गेलो. आमच्याकडे या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याने भरलेली मातीची घागर पुजतात, वर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवतात, आणि समोरच्या निखाऱ्यांवर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकतात. त्याला आगारी म्हणतात. अक्का नानांची घागर भरायची आणि शेजारी एक लहान गडू सुरेशच्या नावाने ठेवायची. आम्ही निखारे फुलवत होतो तेवढ्यात फाटक वाजलं. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, हातात खरबूज. आबा. फाटकाशी थांबले नाहीत. पायऱ्या चढले, चपला काढल्या आणि हॉलमध्ये येऊन उभे राहिले. समोर कपाट, सगळ्या बाटल्यांसकट.

"मुऱ्हाळी उना," ते म्हणाले. "बॅग भर."

अक्का जागची हलली नाही. एवढंच म्हणाली की कपाट मी काढलेलं नाही, बघून घे. आबांनी बघितलं. म्हणाले, राहू दे. मग विचारलं, त्यातली कोणती. अक्काने वरच्या फळीवरून म्हातारी काढली आणि घागरीसमोर ठेवली. आज उघडायची, म्हणाली. तिच्या सांधे धरलेल्या बोटांनी बूच निघेना. मी हात पुढे केला, पण त्याआधी आबांनी बाटली घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातातली बाटली हिसकावून घेणाऱ्या त्या माणसाने ती गुडघ्यांत धरली आणि बूच पिळलं. सुकलेलं बूच भुगा होऊन आत पडलं. आबांनी खांद्यावरचं उपरणं घेतलं, त्याचं टोक वाटीवर धरलं आणि दारू गाळून काढली. खोलीभर वास पसरला, गुळाच्या काकवीसारखा गोड. कसली बिघडली होती कोणास ठाऊक, मला तर नाना येऊन बसल्यासारखं वाटलं.

अक्काने पुरणपोळीचा घास टाकला, तूप सोडलं आणि मग चमचाभर म्हातारी निखाऱ्यांवर ओतली. निळी ज्योत भक्कन वर आली. आम्ही तिघांनी हात जोडले. मग तिने दुसरा चमचा भरला आणि सुरेशच्या गडूकडे वळली. त्याला दारू आवडायची, हे खरंच होतं, आणि आखाजीला माणसाला आवडेल तेच वाढतात. आबांनी तिचा हात धरला.

"सुरेशले पाणी दे," ते म्हणाले. "तो बांधवर पडेल व्हता तव्हय त्याले पाणी पाजाले कोणी नव्हतं. त्या सांजले मीच त्याले घरबाहेर काढं व्हतं."

अक्काने चमचा खाली ठेवला.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "पहिलेपासून माहीत शे."

आबा तिच्याकडे बघत राहिले. एवढी वर्षं ज्या गोष्टीच्या भीतीने ते बहिणीच्या घरात येऊन बसले नव्हते, ती बहिणीला ठाऊक होती आणि तिने कधी तोंडातून काढली नव्हती. दारूचं वैर खरं होतंच, पण त्या वैराच्या आड काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मग आबांनीच गडू उचलला आणि निखाऱ्यांभोवती पाणी फिरवलं, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. ते रडत होते. अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि मी, खोटं कशाला बोलू, स्वयंपाकघरात जाऊन आमरस ढवळत बसलो.

जेवणं झाल्यावर अक्काने बॅग भरली. सत्तरी उलटलेली बाई, पण नव्या सासुरवाशिणीसारखी तीन वेळा साडी बदलून आली. घराच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या, तुळशीला पाणी घाल म्हणाली, आणि म्हातारी उरली आहे ती तुझी, पण एकट्याने पिऊ नको, कोणाला तरी बोलव, म्हणाली. आखाजीपुरती गेली ती माहेरी रमली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तिथेच, झोपेत गेली. म्हणजे ते दुपारचं निघणं हेच माझं तिला शेवटचं बघणं.

जीपमध्ये ती पुढे बसली होती, आबा गाडी चालवत होते. मला वाटलं, आता वळून बघेल, हात करेल, डोळ्यांना पदर लावेल. कशाचं काय. काच खाली केली होती तरी तिने मागे बघितलंसुद्धा नाही. जीप कोपऱ्यावर वळेपर्यंत तिचं बोट आबांच्या नाकासमोर नाचत होतं, आणि खरबूज किती महाग आणलं यावरून चाललेलं तिचं भांडण मला फाटकापर्यंत ऐकू येत होतं.